माश्या मारू नका, माश्या मोजा!



सुटीच्या दिवशी एखादा मुलगा नुसताच ओट्यावर बसून राहिला, तर घरातील वडीलधारी मंडळी हटकून विचारतात, "काय रे, माश्या मारीत बसलास काय?" ठरलेले काम ऐनवेळी फिसकटले, की आपण म्हणतो, 'कोठे माशी शिंकली कोण जाणे!' मराठी भाषेत माशीला तसा मान नाहीच. ती गुळावर बसते, घासात पडते, नाकावर येते आणि हाकलली तरी परत येते. तिच्याकडे निरखून पाहावे, तिची ओळख करून घ्यावी, असे क्वचितच कोणाला वाटते.

हा लेख वाचून झाल्यावर मात्र तुम्ही माश्या मारीत नव्हे, माश्या पाहत बसावे अशी आमची इच्छा आहे. त्यासाठी जंगलात जायला नको आणि महागडी उपकरणेही नकोत. शाळेची बाग, अंगणातील तुळस व शेपू-कोथिंबिरीचा वाफा, गावचे तळे किंवा शेततळे एवढे भांडवल पुरे. सोबत एक वही, पेन्सिल, मोजपट्टी, साधे भिंग व घड्याळ घ्या. आणखी एक वस्तू लागते, ती म्हणजे चिकाटी. ती ज्याची त्याने आणायची!

माशी कोण आणि माशी कोण नव्हे?

सुरुवातीला एक कोडे. पुढील सात कीटकांपैकी खऱ्या माश्या कोणत्या ते सांगा पाहू: मधमाशी, गांधीलमाशी, कुंभारमाशी, पांढरी माशी, घरमाशी, डास, चिलट.

ज्यांच्या नावात 'माशी' आहे त्या माश्या, असे उत्तर दिले असेल तर ते साफ चुकले. या यादीतील खऱ्या माश्या तीनच आहेत: घरमाशी, डास आणि चिलट! मधमाशी, गांधीलमाशी व कुंभारमाशी या मुंग्यांच्या नात्यातील आहेत. कपाशीवर व भेंडीवर पडणारी पांढरी माशी तर मावा आणि तुडतुडे यांच्या गोत्यातली. तळ्यावर भिरभिरणारे चतुर व टाचण्या यांनाही इंग्रजी नावात 'फ्लाय' म्हणतात, पण तेही माशी नव्हेत.

मग खरी माशी ओळखायची कशी? पंख मोजून. वर सांगितलेल्या माशी नसलेल्या सर्व कीटकांना चार पंख असतात. खऱ्या माशीला दोनच असतात. म्हणूनच शास्त्रज्ञांनी या कीटकांच्या गणाला 'डिप्टेरा' म्हणजे द्विपंखी असे नाव दिले आहे. आजवर दीड लाखाहून अधिक द्विपंखी जातींचे वर्णन झालेले आहे.

आता तुम्ही विचाराल, या माश्यांचे मागचे दोन पंख गेले कोठे? ते नाहीसे झाले नाहीत, त्यांचे रूप पालटले. पंखांच्या मागे, वक्षाच्या दोन्ही बाजूंना टाचणीच्या डोक्यासारखे दोन बारीक दांडे असतात. त्यांना 'संतोलक' म्हणतात. माशी उडू लागली की संतोलकही पंखांच्याच वेगाने वरखाली होऊ लागतात. घरमाशीचे पंख सेकंदाला सुमारे दोनशे वेळा हलतात. म्हणजे संतोलकही तितक्याच वेळा हलतात. उडताना माशीचे शरीर जरा जरी एका बाजूला कलले किंवा वळले, तरी हलत्या संतोलकांच्या बुडाशी ताण पडतो. तेथील चेतातंतूंना तो ताण तत्काळ कळतो आणि माशी आपला तोल सावरते. चपळ हाताने मारलेला फटकाही माशी चुकवते, त्यात तिच्या मोठ्या डोळ्यांबरोबर या दोन दांड्यांचाही वाटा आहे. ते पाहायचे असतील तर घरमाशीच्या मागे धावू नका. लांब पायांचा मोठा डासासारखा दिसणारा एक कीटक ओलसर भिंतीवर बसलेला आढळतो. त्याचे संतोलक नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

पण पंख मोजणे नेहमीच सोपे नसते. मधमाशीचा पुढचा व मागचा पंख बारीक आकड्यांनी एकमेकांना अडकलेले असतात. त्यामुळे चार पंख दोनच भासतात. अशा वेळी डोक्याकडे पाहा. मधमाशीच्या शृंगिका, म्हणजे डोक्यावरील मिशा, लांब व कोपरासारख्या वाकलेल्या असतात. फुलांवर येणाऱ्या बहुतेक माश्यांच्या शृंगिका इतक्या आखूड असतात की त्या लांबून दिसतही नाहीत. शिवाय माशीचे डोके म्हणजे जवळजवळ सगळे डोळेच असतात.

बागेतील मंडळी

चला, आता बागेत जाऊ. ऊन नुकतेच पडले आहे. शेपूला किंवा मोहरीला फुले आली आहेत. अशा वाफ्याजवळ पाच मिनिटे स्वस्थ उभे राहा.

फुलासमोर हवेत टांगल्यासारखा स्थिर राहिलेला, पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक कीटक दिसेल. क्षणात तो बाजूला सरकेल आणि पुन्हा तसाच तरंगत राहील. ही सिर्फिड माशी. पट्टे पाहून तुम्ही एक पाऊल मागे घेतले असेल, तर तिचा डाव साधला! तिला नांगी नाही आणि ती चावतही नाही. गांधीलमाशीसारखा पोशाख घालून ती पक्ष्यांना व आपल्याला भिववते. निरुपद्रवी प्राण्याने उपद्रवी प्राण्याचे सोंग घेऊन स्वतःचा बचाव करणे, या प्रकाराला 'अनुकृती' म्हणतात. ॲमेझॉनच्या जंगलातील फुलपाखरांचा अभ्यास करून हेन्री वॉल्टर बेट्स या इंग्रज निसर्ग-अभ्यासकाने १८६२ मध्ये तो प्रथम उलगडून दाखवला.

सिर्फिड माशीचे पक्के लक्षण तिच्या पंखात आहे. भिंगातून किंवा स्पष्ट छायाचित्रात पाहिले, तर पंखाच्या मधल्या भागात एक जास्तीची शीर दिसते. तिची दोन्ही टोके मोकळीच असतात. इतर शिरांसारखी ती जाळ्यात गुंफलेली नसते. तिला आभासी शीर म्हणतात. आणखी एक गंमत पाहा. नराचे दोन्ही डोळे बहुधा डोक्यावर एकमेकांना टेकलेले असतात, तर मादीच्या डोळ्यांत फट असते. म्हणजे नुसते डोळे पाहून नर की मादी हे तुम्ही वहीत लिहू शकता.

या माशीचे बाळपण मात्र वेगळ्याच ठिकाणी जाते. रुईच्या कोवळ्या शेंड्यावर पिवळ्या माव्याची दाटी झालेली तुम्ही पाहिली असेल. तेथे पान हलकेच उलटून पाहा. माव्याच्या गर्दीत एखादी बिनपायांची, जळूसारखी सरकणारी अळी दिसली, तर ती सिर्फिड माशीची असण्याचा संभव फार. ती एकेका माव्याला तोंडात धरून उचलते व त्यातील रस शोषून रिकामे कातडे टाकून देते. वाढ पूर्ण होईपर्यंत अशी एक अळी शेकडो मावा फस्त करते. मोहरी, कोबी, वाल अशा पिकांवर ती शेतकऱ्याचे काम फुकट करते. पण तिला न ओळखणारा माणूस 'अळी पडली' म्हणून घाईने औषध फवारतो आणि माव्याबरोबर माव्याच्या शत्रूलाही मारतो. ओळख नसण्याची किंमत ही अशी मोजावी लागते.

आता बागेच्या कोपऱ्यातील कचऱ्याकडे वळू. येथे करड्या रंगाच्या दोन माश्या नेहमी घोटाळ्यात पाडतात. त्यांच्या पाठीवरच्या, म्हणजे वक्षावरच्या, काळ्या उभ्या रेघा मोजा. चार रेघा असतील तर ती घरमाशी. रेघा तीनच ठळक असतील, माशी घरमाशीपेक्षा मोठी असेल आणि उदरावर बुद्धिबळाच्या पटासारखी काळी-करडी नक्षी असेल, तर ती मांसमाशी. घरमाशी एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते. मांसमाशी मात्र सहसा अंडी घालीत नाही. ती जिवंत अळ्याच मेलेल्या प्राण्यावर सोडते. एका रेघेच्या फरकामागे केवढा फरक लपलेला असतो पाहा!

त्याच कोपऱ्यात निळसर-हिरव्या, चकाकणाऱ्या अंगाची आणि मोठ्या तांबड्या डोळ्यांची माशीही सापडेल. घाणीवर बसून मग आपल्या मिठाईवर येणारी म्हणून ती बदनाम आहे आणि ते खरेही आहे. उघड्यावरचे पदार्थ खाऊ नयेत ते यासाठीच. परंतु तिची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. हीच माशी व तिच्या बहिणी आंब्याच्या मोहोरावर मध प्यायला येतात. आंब्याचे फूल अगदी लहान व उघडे असते; तेथे लांब सोंडेची गरज नसते. मोहोरातील परागीभवन करणाऱ्या कीटकांत माश्यांचा वाटा मोठा आहे. तुम्ही मिटक्या मारीत आंबा खाता, तेव्हा त्यामागे या अप्रिय माशीचीही थोडी मेहनत असते.

याशिवाय बागेत आणखी तिघे हमखास भेटतील. पानावर बसलेली, लांब पायांवर उंच उभी राहिलेली, सोनेरी-हिरव्या झळाळीची नाजूक माशी ही लहान किडे खाणारी शिकारीण आहे. काटकीच्या टोकावर दबा धरून बसलेली, तोंडावर दाढीसारखे राठ केस असलेली आणि दोन डोळ्यांमध्ये खाच असलेली माशी म्हणजे लुटारू माशी. ती उडता कीटक हवेतच पकडते, सोंडेने त्याच्या शरीरात लाळ सोडून त्याला लुळा करते आणि आतला रस पिते. तिसरी फळमाशी. तिच्या पंखांवर तपकिरी डाग किंवा पट्टे असतात व मादीच्या उदराला टोकदार शेवट असतो. कारल्याला, दोडक्याला किंवा आंब्याला टोचून ती सालीच्या आत अंडी घालते. पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे फळमाशीहून वेगळी. ती आंबू लागलेल्या फळांवर येतात, चांगल्या फळांना टोचत नाहीत.

तळ्याकाठची मंडळी

तळ्यावर जाताना मोठ्या माणसाला बरोबर घ्या. काठ निसरडा असतो, म्हणून पाण्यात उतरू नका. एक पांढरी ताटली आणि लांब दांड्याला बांधलेली चहाची गाळणी एवढे साहित्य पुरेसे आहे. काठाजवळचे थोडे पाणी व चिखल ताटलीत घेऊन दोन मिनिटे निवू द्या. मग हालचाल सुरू होईल.

तांबड्याभडक रंगाची, सुतासारखी, वळवळणारी अळी दिसली, तर ती रक्त पिणारी आहे असे समजून घाबरू नका. ही कायरोनोमस नावाच्या चिलटाची अळी. तिचा रंग हिमोग्लोबिनमुळे आलेला असतो. आपल्या रक्तात असते त्याच प्रकारचे हे द्रव्य. तळाच्या चिखलात प्राणवायू फार कमी असतो. तो धरून ठेवण्यास हे द्रव्य अळीला उपयोगी पडते. तिन्हीसांजेला तळ्याकाठी डोक्यावर खांबासारखा थवा करून नाचणारे 'डास' पुष्कळदा हेच कायरोनोमस असतात. ते चावत नाहीत. फरक कसा ओळखायचा? बसलेला डास मागचे पाय वर उचलून धरतो, तर कायरोनोमस पुढचे पाय. डासाला लांब सोंड असते, याला ती नसते.

पाण्याच्या पृष्ठभागाशी डासांच्या अळ्याही असतील. त्या कशा राहतात हे पाहिले, तर प्रकार ओळखता येतो. ॲनाफिलीस डासाची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर, आडवी पडून राहते. क्युलेक्स डासाची अळी श्वासनळीचे टोक वर लावून डोके खाली करून तिरपी लोंबते. मोठा झालेला ॲनाफिलीस भिंतीवर बसतो तोही शेपटाकडचा भाग वर उचलून, तिरपा. क्युलेक्स भिंतीला समांतर बसतो. काळ्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असलेला डास एडिस. तो दिवसा चावतो आणि तळ्यापेक्षा आपल्या घरातील पिंपे, कुंड्यांच्या ताटल्या व जुने टायर त्याला अधिक पसंत असतात. डेंग्यूचा प्रसार तोच करतो.

साचलेल्या, कुजक्या पाण्यात कधी कधी एक विचित्र अळी सापडते. अंग पांढरट, गुबगुबीत आणि मागे उंदरासारखी लांब शेपटी! ही शेपटी म्हणजे खरोखर श्वास घेण्याची नळी. दुर्बिणीच्या नळ्यांसारखी ती लांब-आखूड होते. पाणी खोल असले की अळी ती शरीराच्या कित्येक पट ताणून पृष्ठभागाला लावते आणि स्वतः तळाशी कुजका पाला खात राहते. या ओंगळ अळीची पुढे होणारी माशी मात्र देखणी असते. तीही सिर्फिड कुळातीलच. दिसायला मधमाशीसारखी, आणि आपल्याकडील अनेक जातींत तिच्या डोळ्यांवर ठिपके किंवा रेघा असतात. असे रंगवलेले डोळे दिसले, की ही मधमाशी नव्हे हे लगेच ओळखावे.

या माशीने पूर्वी फार मोठ्या लोकांना फसवले आहे. मेलेल्या बैलापासून मधमाश्या जन्मतात, असे प्राचीन ग्रीक व रोमन लोक मानीत. हा समज शेकडो वर्षे टिकला. ऑस्टेन-साकेन या माश्यांच्या अभ्यासकाने १८९४ मध्ये त्याचा उलगडा केला. कुजलेल्या प्रेताच्या ओलाव्यात अंडी घालणाऱ्या आणि तेथून बाहेर पडणाऱ्या त्या मधमाश्या नव्हत्याच, मधमाशीसारख्या दिसणाऱ्या सिर्फिड माश्या होत्या! कोणी त्यांचे पंख मोजले असते, तर हा घोटाळा झाला नसता.

काठच्या गवतावर मोठ्या डोळ्यांची, जाड अंगाची माशी बसलेली असेल, तर जपून. हा डांस. गुरांना व माणसांनाही तो कडकडून चावतो. पण चावते ती फक्त मादी. नर फुलांतील मधावर राहतो. मादी पाण्यावर झुकलेल्या पानांवर पुंजक्याने अंडी घालते आणि अळ्या खालच्या चिखलात वाढतात. उन्हात तिच्या डोळ्यांवर हिरवे-जांभळे पट्टे चमकतात. ते पाहण्यासारखे असतात. फक्त लांबून पाहावे!

एका ओळखीची गोष्ट

'एवढे बारकावे कशाला पाहायचे? सगळे डास सारखेच,' असे कोणी म्हणेल. त्याला ही हकिकत सांगा.

रोनाल्ड रॉस हे लष्करातील डॉक्टर १८९५ मध्ये सिकंदराबादला होते. हिवतापाचे जंतू डासांच्या शरीरात वाढत असावेत अशी त्यांची कल्पना होती. ती पडताळण्यासाठी त्यांनी हिवतापाच्या रोग्यांना चावलेले डास सूक्ष्मदर्शकाखाली उघडून तपासण्यास सुरुवात केली. महिने गेले, वर्ष गेले, शेकडो डास झाले, परंतु जंतूंची वाढ काही दिसेना. कल्पना बरोबर होती, डास चुकीचे होते! करड्या रंगाचे व पट्टेरी असे जे डास ते तपासत होते, त्यांच्यात हिवतापाचा जंतू वाढतच नाही.

रॉस यांना डासांची शास्त्रीय नावे ठाऊक नव्हती. पण त्यांनी डासांचे वेगळेपण साध्या शब्दांत नोंदवून ठेवले होते: करडे डास, पट्टेरी डास आणि पंखांवर ठिपके असलेले डास. १८९७ च्या ऑगस्टमध्ये त्यांना ठिपकेदार पंखांचे डास मिळाले. रोग्याचे रक्त प्यायलेल्या त्या डासांपैकी एकाच्या जठराच्या भित्तीत, २० ऑगस्ट १८९७ या दिवशी, त्यांना हिवतापाच्या जंतूंच्या गोल पेशी दिसल्या. ते डास म्हणजेच ॲनाफिलीस. या शोधकार्याबद्दल रॉस यांना १९०२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पंखांवरील ठिपक्यांची साधी नोंद किती मोलाची ठरली, हे वेगळे सांगायला नको.

नोंद कशी करावी?

निरीक्षण डोक्यात ठेवले तर ते आठवड्यात पुसट होते. म्हणून पाहिले की जागच्या जागी लिहावे. प्रत्येक नोंदीत पुढील गोष्टी असाव्यात: कोणी पाहिले, कोठे पाहिले, तारीख व वेळ, हवा कशी होती, माशी कशावर बसली होती, काय करीत होती, लांबी किती मिलिमीटर, रंग व खुणा आणि शेवटी तुमच्या मते ती कोण. नाव शेवटी लिहावे, आधी नव्हे. आधी नाव ठरवले की डोळे त्या नावाला जुळेल तेवढेच पाहू लागतात.

नमुन्यादाखल एक नोंद पाहा:

स्थळ: शाळेची बाग, विहिरीजवळचा शेपूचा वाफा.
दिनांक व वेळ: रविवार, १५ डिसेंबर २०२४, सकाळी ९.१० ते ९.२०.
हवा: स्वच्छ ऊन, वारा मंद.
वर्णन: लांबी सुमारे १० मिमी. उदरावर पिवळे-काळे आडवे पट्टे. शृंगिका आखूड. डोळे एकमेकांना टेकलेले.
वागणूक: फुलासमोर हवेत स्थिर, मग फुलावर बसून पराग खाल्ले.
ओळख: सिर्फिड माशी, नर. जात ठरवता आली नाही.

शेवटचे वाक्य पाहिलेत? 'जात ठरवता आली नाही' असे लिहिण्यात कमीपणा नाही. पुष्कळ माश्यांची नेमकी जात सूक्ष्मदर्शकाशिवाय तज्ज्ञांनाही सांगता येत नाही. कुळापर्यंतची बरोबर ओळख ही जातीच्या चुकीच्या नावापेक्षा कितीतरी बरी. जवळ मोबाइलचा कॅमेरा असेल, तर तीन बाजूंनी चित्रे घ्यावीत: वरून, बाजूने आणि समोरून. वरून पंखांच्या शिरा व पाठीवरच्या रेघा दिसतात, समोरून डोळे व शृंगिका कळतात. तरीही वहीत स्वतः रेखाटन करण्याची सवय सोडू नका. चित्र काढताना डोळ्यांना जे दिसते, ते कळ दाबताना दिसत नाही.

मोजणीची एक सोपी रीत अशी. अर्धा मीटर लांब व अर्धा मीटर रुंद असा फुललेला तुकडा निवडा. दहा मिनिटे तेथे किती माश्या, मधमाश्या व फुलपाखरे आली ते मोजा. दर आठवड्याला तोच तुकडा, तीच वेळ आणि तितकीच मिनिटे पाळा. कधी काहीच आले नाही, तर शून्य लिहा. शून्य हीसुद्धा नोंदच असते. चांगले दिवस तेवढे लिहिले आणि रिकामे दिवस गाळले, तर ती वही खोटी साक्ष देईल.

दोन पथ्ये मात्र पाळा. पाहणीनंतर हात साबणाने स्वच्छ धुवा. आणि पाण्यातील अळ्या बाटलीत घालून घरी आणल्या, तर तोंडाला मलमलीचे फडके बांधा व पाहणी संपताच ते पाणी कोरड्या जमिनीवर ओता. नाहीतर निरीक्षणाच्या नावाखाली घरात डासांची पैदास व्हायची!

वहीचे पुढे काय?

इंग्लंडमधील लेस्टर शहरात जेनिफर ओवेन नावाच्या प्राणिशास्त्रज्ञ बाई राहत होत्या. त्यांच्या घरामागे भाजीपाला, फुले व हिरवळ असलेली साधी बाग होती. क्षेत्रफळ ७५० चौरस मीटरही नव्हते. या एकाच बागेतील जीवांच्या नोंदी त्यांनी १९७२ ते २००१ अशी सलग तीस वर्षे ठेवल्या. बागेत एकूण २,६७३ जातींच्या वनस्पती व प्राणी आढळले. त्यांत नुसत्या सिर्फिड माश्यांच्याच जाती नव्वदहून अधिक निघाल्या! शेजाऱ्यांच्या बागाही तशाच असतील. फरक एवढाच की तेथे कोणी लिहून ठेवले नाही.

दुसरे उदाहरण जर्मनीतील क्रेफेल्ड गावचे. तेथील कीटक अभ्यासकांच्या मंडळात हौशी लोकांचाच भरणा अधिक. या मंडळाने १९८९ पासून संरक्षित क्षेत्रांत तंबूसारखे जाळीचे सापळे लावून, सापडलेल्या उडत्या कीटकांचे वजन नोंदवून ठेवले. २०१७ मध्ये ६३ ठिकाणच्या त्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा जगभरचे शास्त्रज्ञ हादरले. २७ वर्षांत उडत्या कीटकांचे वजन तीन-चतुर्थांशाहून अधिक घटले होते. ही घट एका वर्षात कोणाच्याही नजरेला आली नसती. जुन्या वह्या होत्या, म्हणून ती कळली.

आपल्याकडे अशा सलग नोंदी फार थोड्या आहेत. भारतातील माश्यांचे वर्णन करणारे तीन खंड एन्रिको ब्रुनेटी यांनी १९१२, १९२० व १९२३ मध्ये लिहिले. ते कलकत्त्यात राहत होते आणि व्यवसायाने संगीतकार होते. फावल्या वेळात त्यांनी हा छंद जोपासला, आणि आजही भारतीय माश्यांचा अभ्यास करणाऱ्याला त्यांच्या खंडांकडे वळावेच लागते. पुण्यात आकुर्डी येथे भारतीय प्राणि सर्वेक्षण संस्थेचे केंद्र आहे, मुंबईत १८८३ साली स्थापन झालेली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे. तेथील तज्ज्ञ सगळ्या गावांतील सगळ्या बागा पाहू शकत नाहीत. तुमच्या गावच्या तळ्याकाठी यंदा मोहोराच्या दिवसांत किती माश्या होत्या आणि दहा वर्षांनी किती उरल्या, हे सांगू शकणारे फक्त तुम्हीच.

म्हणून पुढच्या रविवारी सकाळी वही घेऊन बाहेर पडा. वर तारीख घाला, एक फुललेला वाफा निवडा आणि दहा मिनिटे मोजा. कोणी विचारले, "काय रे, माश्या मारतोस काय?" तर खुशाल सांगा, "नाही, मोजतो आहे!"